सेकंदाचा दशांश : अमेरिकेतील शालेय फुटबॉल आणि वेगाचे मापन

फुटबॉल म्हटले की आपल्याकडे पायाने चेंडू खेळण्याचा खेळ डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतील फुटबॉल हा त्याहून अगदी निराळा खेळ आहे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावावयाचे किंवा तो पुढे फेकावयाचा, आणि प्रतिपक्षाने चेंडूवाल्यास अंगाला भिडून खाली पाडावयाचे, असे त्याचे स्वरूप होय. नववी ते बारावीपर्यंतच्या तेथील हायस्कुलांतून सुमारे दहा लाख मुले हा खेळ खेळतात. शरद ऋतूतील शुक्रवारच्या रात्री लहान गावांतील सारी वस्ती शाळेच्या मैदानावर लोटते. या मुलांपैकी फार थोड्यांना खेळाच्या बळावर विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळते, आणि बेताच्या परिस्थितीतील कित्येक घरांना उच्च शिक्षणाचा तोच एक मार्ग दिसत असतो. अशा मुलाची माहिती प्रशिक्षकाकडे जाते तेव्हा तीत उंची आणि वजन यांच्या जोडीला आणखी एक आकडा हमखास असतो. चाळीस वार अंतर त्याने किती सेकंदांत कापले, हा तो आकडा.

चाळीस वार म्हणजे ३६.५८ मीटर. हेच अंतर का, याचे उत्तर खेळातच आहे. चेंडू लाथेने उंच उडवून प्रतिपक्षाकडे दिला जातो तेव्हा तो साधारण चाळीस वार दूर पडतो, आणि तो झेलणाऱ्यास गाठण्यासाठी खेळाडूंना तेवढे अंतर धावावे लागते. हे माप रूढ करण्याचे श्रेय पॉल ब्राउन या प्रशिक्षकास देण्यात येते. ब्राउन यांनी १९३२ ते १९४० या काळात ओहायो राज्यातील मॅसिलन या गावच्या हायस्कूलचा संघ घडविला आणि पुढे व्यावसायिक क्षेत्रात क्लीव्हलँडच्या संघाचे नेतृत्व केले. मैदानावरील गरजेतून निघालेली ही साधी कसोटी पुढे एवढी प्रतिष्ठित झाली, की १९८७ पासून दरवर्षी इंडियानापोलिस येथे होणाऱ्या व्यावसायिक निवड चाचणीत सर्वांचे लक्ष याच धावेकडे लागलेले असते. तेथे २००८ साली ख्रिस जॉन्सन याने ४.२४ सेकंद, २०१७ साली जॉन रॉस याने ४.२२ सेकंद आणि २०२४ साली झेवियर वर्दी याने ४.२१ सेकंद अशी वेळ दिली.

इतक्या कमी अंतरात धावपटूचा पूर्ण वेग दिसतच नाही. जगातील श्रेष्ठ धावपटू ६० मीटरच्या पुढे गेल्यावर आपल्या कमाल वेगास पोहोचतो. चाळीस वारांत दिसतो तो वेग वाढविण्याचा वेग. स्थिर उभ्या असलेल्या देहाला पहिल्या पाचसहा पावलांत किती जोराने पुढे लोटता येते, याची ती परीक्षा आहे. म्हणूनच मांड्यांची आणि कमरेची ताकद, जमिनीकडे झुकून सुरुवात करण्याची ढब आणि पावलांची लय यांना येथे महत्त्व येते. केवळ सुरुवातीची ढब सुधारूनही वेळ कमी होते, आणि शिबिरांतून तिचा खास सराव करून घेतला जातो. दीडशे किलोच्या आसपास वजन असलेल्या आघाडीच्या फळीतील खेळाडूला सामन्यात सलग चाळीस वार धावण्याचा प्रसंग क्वचितच येतो. त्याच्या बाबतीत पहिल्या दहा वारांची वेळ अधिक बोलकी ठरते, असे जाणकार मानतात. तरीही त्याला चाळीस वार धावावेच लागतात. एकदा रूढ झालेल्या चाचण्या सहसा मागे घेतल्या जात नाहीत, हा अनुभव केवळ अमेरिकेचा नव्हे!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शाळकरी मुलांच्या नावापुढे ४.४ किंवा ४.३ सेकंद असे आकडे सर्रास लिहिलेले आढळतात. कोठे कोठे ४.२ देखील दिसतो. हे आकडे कितपत खरे मानावेत?

जमैकाचा उसेन बोल्ट याने २००९ साली बर्लिन येथे १०० मीटरचे अंतर ९.५८ सेकंदांत कापून जो जागतिक विक्रम केला, त्या धावेत तो ४० मीटरच्या खुणेपाशी ४.६४ सेकंदांनी पोहोचला होता. त्यावरून ३६.५८ मीटरचा हिशेब केला तर सुमारे ४.३५ सेकंद येतात. परंतु या वेळेत पिस्तुलाचा आवाज ऐकून हालचाल सुरू करण्यास लागलेले सुमारे ०.१५ सेकंद धरलेले आहेत. फुटबॉलच्या चाचणीत पिस्तूल नसते. खेळाडू आपल्या मनाने निघतो आणि तो हलल्यावर घड्याळ सुरू होते. तेवढे वजा जाता बोल्टची वेळ ४.२० सेकंदांच्या घरात येते. तीदेखील काटेरी बूट, पायाला आधार देणारे ठोकळे आणि उत्तम कृत्रिम धावपट्टी यांच्या साहाय्याने. मग गवताच्या मैदानावर धावणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाचा ४.२ हा आकडा आला कोठून?

तो आला माणसाच्या बोटातून. अंतिम रेषेपाशी उभा असलेला प्रशिक्षक मुलगा हललेला पाहतो आणि मग स्टॉपवॉचची कळ दाबतो. डोळ्यांनी पाहून बोटाने दाबण्यात सुमारे दोन दशांश सेकंद निघून जातात. शेवटी मात्र असे होत नाही. मुलगा समोरून येताना दिसत असतो, तो रेषा केव्हा ओलांडणार याचा अंदाज आधीच बांधलेला असतो आणि बोट वेळेवर पडते, कधी किंचित आधीही. सुरुवातीचा उशीर शेवटी भरून निघत नाही, आणि मुलाची वेळ प्रत्यक्षाहून दोन दशांशांनी कमी भरते. यात लबाडी असतेच असे नाही. आपला विद्यार्थी चमकावा ही इच्छाही बोटाला घाई करीत असेल, पण अगदी निःपक्षपाती माणसाच्या हातूनही हे घडते. इंडियानापोलिसच्या चाचणीतसुद्धा शेवटची नोंद विद्युत यंत्राने होत असली तरी घड्याळ सुरू करण्याचे काम माणसाचा हातच करीत आला आहे.

दोन दशांश सेकंद म्हणजे काय, हे अंतरात मोजून पाहावे. धाव संपताना चांगला खेळाडू सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगाने जात असतो. दोन दशांशांत तो जवळजवळ दोन मीटर पुढे जातो. सामन्यात चेंडूवाला निसटला की सापडला, हे याहून कमी अंतरावर ठरते. तेव्हा एका गावी हातघड्याळावर ४.५ लागलेला मुलगा आणि दुसऱ्या गावी विद्युत यंत्रावर ४.७ लागलेला मुलगा हे दोघे वस्तुतः सारखेच वेगवान असू शकतात. कागदावर मात्र एक वर जातो आणि दुसरा गळतो.

या कारणाने अनेक प्रशिक्षक आता मुलाच्या मैदानी स्पर्धांतील वेळा पाहू लागले आहेत. फुटबॉलचा हंगाम शरदात संपतो आणि वसंतात तीच मुले शाळेच्या १०० व २०० मीटर शर्यतींत उतरतात. तेथे मोठ्या स्पर्धांत स्वयंचलित यंत्र असते आणि वाऱ्याचा वेगही मोजला जातो. वारा पाठीमागून सेकंदाला २ मीटरहून अधिक असेल तर ती वेळ विक्रमासाठी धरीत नाहीत. असा आकडा कोणी फुगवू शकत नाही.

अर्थात खरा आकडाही सर्व काही सांगत नाही. बॉब हेज याने १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक मिळविले आणि नंतर डॅलसच्या फुटबॉल संघात असा काही खेळ केला, की त्याला आवरण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांना बचावाची पद्धतच बदलावी लागली. जिम हाइन्स याने १९६८ साली मेक्सिको येथे ९.९५ सेकंदांची वेळ देऊन तेच पदक पटकावले. मायामीच्या संघाने त्यालाही घेतले, परंतु चेंडू त्याच्या हातात टिकेना आणि थोड्याच सामन्यांत त्याची फुटबॉलची कारकीर्द आटोपली. उलट जेरी राइस हा चाळीस वारांत सामान्य समजला गेल्यामुळे १९८५ च्या निवडीत पंधरा खेळाडूंनंतर घेतला गेला, आणि तो पुढे त्या खेळातील सर्वश्रेष्ठ झेलकऱ्यांत गणला गेला.

हा विषय आपल्या शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. तालुका व जिल्हा पातळीवरील शालेय स्पर्धांत बहुतेक ठिकाणी आजही हातातील स्टॉपवॉचवर वेळ घेतली जाते, आणि पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीतही १०० मीटर धावण्यास गुण आहेत. आपल्याकडे शिटी किंवा पिस्तूल असते, म्हणून चूक आणखी एका वाटेने शिरते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. अंतिम रेषेपाशी उभा असलेला पंच १०० मीटरवरील आवाज ऐकून कळ दाबील तर सुमारे तीन दशांश सेकंद वाटेतच हरवतात. म्हणून पिस्तुलाचा धूर किंवा चमक पाहून घड्याळ सुरू करावे, असा नियम आहे. शिटीच असेल तर तिच्याबरोबर निशाण खाली आणण्याची व्यवस्था करावी आणि पंचाने डोळा निशाणावर ठेवावा. हातघड्याळावरील वेळ पुढच्या दशांशात मांडावयाची असते. ११.६२ दिसले तर ११.७ लिहावयाचे, ११.६ नव्हे. तीन घड्याळे असतील तर मधली वेळ धरावी. तिन्हींपैकी दोन जुळली तर ती धरावी. दोनच घड्याळे असून ती जुळत नसतील तर अधिक असलेली वेळ ग्राह्य होय.

हा शेवटचा नियम मला स्वतःला फार उशिरा कळला. कला शाखेच्या पदवीधराला स्टॉपवॉचशी काय कर्तव्य, अशी माझी समजूत होती. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या स्पर्धेचे वृत्त घेण्यासाठी गेलो असता १०० मीटरच्या प्राथमिक फेरीत एकाच मुलाची वेळ एका पंचाच्या घड्याळावर ११.८ आणि दुसऱ्याच्या घड्याळावर १२.३ लागली. दोघेही सज्जन. त्यांनी वाद न घालता बेरीज करून निम्मे केले आणि १२.० अशी नोंद केली. उपस्थितांना ते न्याय्य वाटले, मलाही वाटले. वेळेनुसार अंतिम फेरीसाठी आठ मुले निवडण्यात आली, त्यांत तो आठवा आला. त्याच्या आधीच्या फेरीत १२.१ लागलेला एक मुलगा बूट हातात घेऊन मैदानाच्या कडेला बसला होता.