घरातला पोर्ट २५

जगातला सर्वांत गाजलेला घरगुती मेल सर्व्हर न्यूयॉर्क राज्यातल्या चॅपाक्वा गावी, क्लिंटन दांपत्याच्या घराच्या तळघरात होता. हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री असताना त्यांचा सरकारी पत्रव्यवहार या खासगी व्यवस्थेवरून चाले, हे मार्च २०१५ मध्ये बाहेर आलं आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीपर्यंत अमेरिकेला दुसरा विषय मिळेना. सरकारी कागद घरी ठेवावेत का, हा वाद त्यांचा त्यांनी घातला. तंत्राच्या बाजूने पाहिलं तर त्यात अघटित काहीच नव्हतं. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिलेल्या आरएफसी ८२१ या दस्तऐवजात ईमेलचे नियम आहेत. दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं, एवढंच तो सांगतो. त्यातलं एक यंत्र विद्यापीठात आहे की कोणाच्या तरी माळ्यावर, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. नियम पुढे दोनदा नव्याने लिहिले गेले, पण ही बेफिकिरी टिकली. म्हणून आजही, चार दोन कंपन्यांच्या हाती जगाची टपाल गेलेली असताना, घरच्या इंटरनेटवर स्वतःचा मेल सर्व्हर चालवणारी मंडळी आहेत.

यंत्र म्हणायला फार काही लागत नाही. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर पुरतो, किंवा मुलांचं कॉलेज संपल्यावर कपाटात गेलेला लॅपटॉप. अनुभवी लोक लॅपटॉपच पसंत करतात, कारण त्याची बॅटरी कितीही दमलेली असली तरी वीज गेल्यावर इन्व्हर्टर सावरेपर्यंतचे क्षण ती काढते. (ती फुगली नाही ना, हे मात्र अधूनमधून बघायचं.) पाच वॉट खाणारं यंत्र वर्षभर अखंड चालवलं तरी बिलात चव्वेचाळीस युनिटं पडतात. मेमरी कार्डावर सगळा संसार थाटू नये. मेल सर्व्हर दिवसभर नोंदी लिहीत असतो आणि त्या माऱ्याने कार्ड झिजतं, तेही आगाऊ सूचना न देता. छोटी एसएसडी जोडावी. त्यावर लिनक्स, टपाल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स, आणि आलेली टपाल फोनवर दाखवणारा डव्हकॉट. दोन्ही प्रोग्राम फुकट. पैसे जातात ते डोमेनचे आणि कायम आयपी पत्त्याचे.

हे यंत्र नक्की करतं काय, ते एक पत्र येताना पाहिलं की कळतं. पलीकडचं यंत्र आपल्या पोर्ट २५ वर, म्हणजे मेलसाठी ठरलेल्या दारावर, येतं. आपलं यंत्र '२२०' असा आकडा आणि स्वतःचं नाव सांगतं. पलीकडचं 'ईएचएलओ' म्हणून आपलं नाव सांगतं. मग 'मेल फ्रॉम', म्हणजे पत्र कोणाकडून. आपण '२५०' म्हणतो, चालेल. मग 'आरसीपीटी टू', म्हणजे कोणासाठी. आपल्या घरात त्या नावाचं कोणी असेल तर पुन्हा '२५०'. मग 'डेटा'. आपण '३५४' म्हणतो, द्या. मजकूर ओळीओळीने येतो आणि शेवटी एका ओळीत फक्त एक टिंब. टिंब आलं की आपलं यंत्र पत्र डिस्कवर उतरवतं आणि शेवटचं '२५०' म्हणतं. सगळा मुद्दा या शेवटच्या '२५०' मध्ये आहे. ते म्हणेपर्यंत पत्राची जबाबदारी पाठवणाऱ्याची, म्हटल्यावर आपली. यापुढे पत्र हरवलं तर दोष आपल्या यंत्राचा. इतकी स्वच्छ देवाणघेवाण आपल्या सरकारी आवक-जावक विभागातही क्वचित दिसते.

आणि आपलं यंत्र बंदच असेल तर? काही बिघडत नाही. पाठवणाऱ्याने पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा, निदान चार-पाच दिवस हार मानायची नाही, असं नियमच सांगतो. पोस्टफिक्स स्वतः पाच दिवस धीर धरतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नसली, कोणी रस्ता खोदताना फायबर तोडली, घरचे सगळे गावी गेले आणि राउटर अडकला, तरी दिवाळीचं शुभेच्छापत्र उशिरा का होईना येतं. घरी मेल सर्व्हर ठेवणं वेडेपणाचं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना बहुधा ही चिवट बाजू माहीत नसते. वेबसाइट घरून चालवली आणि वीज गेली तर वाचक गेला तो गेलाच. मेलचं तसं नाही.

भारतातली मेलची सुरुवातही अशीच, आपापल्या आवारातल्या यंत्रांवर झाली, आणि ती मुंबईत झाली. १९८६-८७ च्या सुमारास अर्नेट प्रकल्पात जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात मेलची ये-जा सुरू झाली. साधन होतं साधा टेलिफोन: एका यंत्राने दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली टपाल द्यायची-घ्यायची आणि फोन ठेवायचा. एनसीएसटीचे तेव्हाचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचा २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. त्यानंतर वर्षभरात सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढलं, १ एप्रिल २००४ ला जीमेल एक जीबी जागा घेऊन आलं, आणि स्वतःचं यंत्र सांभाळायची गरजच कोणाला वाटेनाशी झाली. यात लोकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तेव्हा मेल सर्व्हर सांभाळणं खरोखरच जिकिरीचं होतं.

ते जिकिरीचं होण्यात सेंडमेलचा वाटा मोठा. एरिक ऑलमन यांनी बर्कलेत लिहिलेला हा प्रोग्राम वर्षानुवर्षं जगाची टपाल वाहत होता. त्याची सेटिंगची फाइल वाचणं हे एक वेगळंच शास्त्र होतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने इंटरनेटवर हाहाकार माजवला तो ज्या वाटांनी, त्यातली एक सेंडमेलमध्ये चुकून उघडी राहिलेली चाचणीची सोय होती. शिवाय बराच काळ सेंडमेल कोणाचंही पत्र कोणालाही पोचवून देई. सुरुवातीच्या भल्या जगात हे सौजन्य होतं. जाहिरातबाजांनी त्याचा उकिरडा केला आणि १९९८ च्या ८.९ आवृत्तीपासून ती सोय मुळातच बंद ठेवण्यात आली. त्याच वर्षी आयबीएमच्या संशोधन केंद्रात वित्से वेनेमा या डच शास्त्रज्ञाने पोस्टफिक्स आणला. त्याची रचना बघण्यासारखी आहे. एकच अगडबंब प्रोग्राम सर्वाधिकार घेऊन बसत नाही. दारात बोलणारा वेगळा, पत्राचं डोकं नीट करणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, घरातल्या पेटीत टाकणारा वेगळा. दारातल्याला फोडलं तरी चोराच्या हाती तिजोरी लागत नाही. हेच वेनेमा पुढे २०१५ मध्ये गूगलमध्ये रुजू झाले, हा योगायोग घरगुती सर्व्हरवाले जरा खट्याळपणे सांगतात.

इथवर सगळं गोड. घराला स्वतःचा आयपी पत्ता असेल तर टपाल घेण्यापुरतं घरचं यंत्र आजही उत्तम चालतं. ग्रहण लागतं ते पत्र पाठवताना, आणि त्याचं कारण यंत्रात नाही, पत्त्यात आहे.

पहिली अडचण अशी की घराला स्वतःचा पत्ताच नसतो. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. म्हणून अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरमध्ये पाहा: तिथला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही त्या सामायिक कारभारात आहात आणि बाहेरून कोणी तुमच्या पोर्ट २५ वर येऊ शकत नाही. कायम पत्ता जादा पैसे भरून मिळतो. तो घेतला तरी बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद असू शकतो, कारण व्हायरस लागलेले घरगुती कॉम्प्युटर रात्रंदिवस स्पॅम ओकत असत आणि तो थांबवायचा सोपा उपाय तोच होता.

दुसरी अडचण उलट नोंदीची. नावावरून आकडा शोधता येतो तसा आकड्यावरून नावही शोधता यावं लागतं, आणि ही उलटी नोंद फक्त पत्ता देणारी कंपनी करू शकते. ती नसेल तर मोठे सेवादाते पत्र दारातच नाकारतात. मी एका कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून ही नोंद मागितली. पलीकडच्या मुलाने अत्यंत नम्रपणे मला राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. मी दुसऱ्यांदा समजावल्यावर त्याने स्पीड टेस्ट करायला सांगितली. त्याचा दोष नाही. त्याच्यासमोरच्या पडद्यावर असल्या तक्रारीचा रकानाच नसणार.

तिसरी अडचण पत मिळवण्याची. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली स्पॅमहाउस ही संस्था निरनिराळ्या काळ्या याद्या ठेवते. त्यातली एक यादी अशी की तिच्यात येण्यासाठी तुम्ही काहीही वाईट करायला लागत नाही. जिथून थेट मेल येणं अपेक्षित नाही अशा, म्हणजे मुख्यतः घरगुती जोडण्यांच्या पत्त्यांची ती यादी आहे, आणि बरेच पत्ते इंटरनेट कंपन्या स्वतःच तिच्यात देतात. कायम पत्ता असलेल्याला अर्ज करून आपला एक आकडा बाहेर काढता येतो. पण शेजारच्या आकड्यांवरून काय काय निघतं, त्याची छाया आपल्यावर पडायची ती पडतेच. बदनाम वाडीतल्या सज्जन भाडेकरूला दुकानदार उधार देत नाही, तशातली गत.

सज्जनपणाचे कागद मात्र जमवावेच लागतात. माझ्या डोमेनची पत्रं कोणत्या आकड्यांवरून निघतात ते जाहीर करणारा एसपीएफ. पत्रावर गणिती सही करणारा डीकेआयएम. आणि या दोन्हींत न बसणाऱ्या पत्राचं काय करावं, हे सांगणारा डीमार्क. गरज का पडली? मघाशी पाहिलेल्या संभाषणातला 'मेल फ्रॉम' म्हणजे पाकिटावरचं नाव, आणि वाचणाऱ्याला दिसतं ते आतल्या कागदावरचं. मूळ नियमांत ही दोन नावं जुळलीच पाहिजेत असं बंधन नव्हतं, आणि खोट्या बँकांच्या मेलचा धंदा याच फटीतून चालला. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक (गूगलच्या लेखी दिवसाला पाच हजारांवर) पत्रं पाठवणाऱ्यांना हे सगळे कागद सक्तीचे केले. दिवसाला पाच पत्रं पाठवणाऱ्यालाही उलट नोंद आणि सही-शिक्क्यापैकी काहीतरी लागतंच. तेवढं करून पत्र समोरच्याच्या स्पॅमच्या पेटीत गेलं, तर दाद कुठे मागायची? कुठेच नाही. नाकारलेलं पत्र निदान कारण सांगून परत येतं. स्पॅममध्ये टाकलेल्याला '२५०' मिळालेलं असतं.

म्हणून यातले अनुभवी लोक कामाची वाटणी करतात. येणारी टपाल थेट घरी. जाणारी टपाल चांगली पत असलेल्या एखाद्या सेवेच्या यंत्रातून, पोर्ट ५८७ वरून, पासवर्ड देऊन. काही कट्टर लोकांना हा तह वाटतो. मला हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो. पेटी, जुनी पत्रं, गाळण्याचे नियम, पत्ता सगळं आपल्याकडे राहतं. भाड्याने घेतली जाते ती फक्त पत. गोपनीयतेच्या नावाने मात्र छाती फुगवू नये. तुमचे निम्मे नातेवाईक जीमेलवर असतील, तर निम्म्या पत्रांची दुसरी प्रत तिकडे आहेच.

घरच्यांना या पत्त्यांवर आणायचं असेल तर आणखी एक गंमत समजून घ्यावी. २००३ पासून प्रचारात असलेला ग्रेलिस्टिंग नावाचा उपाय अनोळखी यंत्राला '४५१, थोड्या वेळाने या' म्हणतो. खरा सर्व्हर परत येतो, भुरटा स्पॅमवाला येत नाही. उपाय नामी आहे. पण सासूबाईंचा बँकेचा ओटीपी त्यात पंधरा मिनिटं अडकला आणि तोवर त्याची मुदत गेली, की तुमच्या तंत्रज्ञानावर जेवणाच्या टेबलावर जी चर्चा होते तिला पोस्टफिक्समध्ये सेटिंग नाही. बँकांना त्या नियमातून वगळावं.

एक सुख मात्र निर्भेळ. २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून पोस्टफिक्सला देवनागरी पत्ते कळतात, आणि मराठी-कोंकणीसह आठ भाषांसाठी .भारत हे डोमेन २०१४ पासून मिळतं. म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर आपलं नाव आपल्याच लिपीत ठेवता येतं. अनेक वेबसाइटींचे फॉर्म तो पत्ता चुकीचा ठरवतात, म्हणून जोडीला एक रोमन पत्ता ठेवावा लागतो.

करायचं ठरवलंत तर आधी वर्षभर बिनमहत्त्वाची टपाल या यंत्रावर घ्या आणि मेलचा बॅकअप दुसऱ्या घरी ठेवा. पासवर्ड घरातल्या आणखी एकाला ठाऊक असू द्या. डोमेन एकदम जास्त वर्षांसाठी भरा; .इन दहा वर्षांपर्यंत भरता येतं. आणि ज्या कंपनीकडे डोमेन नोंदवाल तिथे संपर्कासाठी याच डोमेनवरचा पत्ता देऊ नका. ज्या दिवशी यंत्र बंद असेल, नेमकी त्याच दिवशी पासवर्ड बदलण्याची लिंक त्या पत्त्यावर येईल.