गोंगाटात शांत राहायचे म्हणजे नेमके काय?

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावात गोंगाट नसतो, हा समज शहरात बसून केलेला आहे. लग्नसराईतला डीजे, सणावाराचे कर्णे, सुगीतले मळणीयंत्र यांना गावाची वेस अडवत नाही. त्याबद्दल कोणी कुरकुर केलीच, तर दोन उत्तरे तयार असतात: चार दिवसांत सवय होईल, आणि मन खंबीर असले की बाहेरचे काही बाधत नाही. ही उत्तरे बहुधा वाजवणाऱ्याच्याच सोयीची असतात.

सवयीचे आधी पाहू. आवाजाकडे लक्ष जाणे कमी होते हे खरे, पण शरीर तो ऐकतच राहते. झोप मोडली नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात. म्युनिकचे जुने विमानतळ 1992 मध्ये बंद होऊन नवे सुरू झाले, तेव्हा संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांची आधी आणि नंतर चाचणी घेतली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण घसरले, जुन्याजवळच्यांचे सुधारले. सवय पुरेशी असती, तर आवाज थांबल्यावर सुधारण्यासारखे काही उरलेच नसते.

दुसरा समज अधिक चिवट, कारण त्याला अध्यात्माचा मुलामा आहे. शांत मन म्हणजे रिकामे मन, असे धरून माणूस आवाज आणि चिडचिड दोन्ही दाबू पाहतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले. अस्वल पुन्हा पुन्हा आलेच, आणि मनाई उठल्यावर तर जास्तच. मग जमते काय? ग्लास आणि सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत काही जणांना गोंगाट बंद करण्याचे बटण दिले होते. बहुतेकांनी ते दाबले नाही, तरीही बटण नसलेल्यांपेक्षा ते नंतरच्या अवघड कोड्यांवर जास्त वेळ टिकून राहिले. म्हणजे आवाजाच्या पातळीइतकाच आपला हतबलपणाही त्रास देतो. श्वासावर लक्ष ठेवण्याचा उपयोग इथे आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीत 1976 पासून विपश्यनेची शिबिरे होतात. तिथे सुरुवात होते ती आनापानाने, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याने, आणि आनापानात काही दाबायचे नसते. लक्ष भरकटले की पुन्हा श्वासावर आणायचे, एवढेच. डीजे आपल्या हातात नसतो, लक्ष थोडेफार असते.

यावर आक्षेप येईल की मग तक्रार कशाला, ध्यान करा. हे मात्र मान्य होण्यासारखे नाही. ध्यानाने चिडचिड कमी होईल. कानाच्या पेशी वाचणार नाहीत. शिवाय दाद मागता येणे हेही त्या बटणासारखेच आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत आणि ते गावालाही लागू आहेत: निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. गावाच्या आनंदावर विरजण पडते म्हणावे, तर सणांसाठी वर्षातल्या 15 दिवसांपर्यंत मध्यरात्री 12 पर्यंतची सवलत त्याच नियमांत आहे. बाकीच्या रात्री कर्णा दहानंतरही चालू राहिला, तर आधी वाजवणाऱ्याला सांगा. ऐकले नाही, तर 112 वर फोन करा.