कातळाखालचा हक्क

सोयगाव तालुक्यात तेलाची विहीर नाही आणि तेल सापडल्याची बातमीही नाही. तरीही तेलाचा कायदा या तालुक्याच्या सात-बाराखाली आधीच येऊन बसला आहे.

अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या कातळात कोरली, तो याच तालुक्यातला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या लाव्ह्याने झाकलेल्या जमिनीवर त्याआधी गाळ साचला होता का, हे भूवैज्ञानिक कित्येक दशके शोधत आहेत. गाळ असेल तर तेल-वायूची शक्यता. नसेल तर विषयच संपला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने स्फोटांच्या लहरी जमिनीत सोडून जी सर्वेक्षणे केली, त्यांतली एक रेषा मध्य प्रदेशातल्या थुआदऱ्यापासून सेंधव्यावरून सिंदाडपर्यंत येते. सिंदाड पाचोरा तालुक्यातले, म्हणजे सोयगावचा शेजार. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात कातळाखाली किलोमीटरभराहून जाड गाळाचे थर असावेत, असा त्या लहरींचा अर्थ लावला गेला. दक्षिणेकडचे चित्र मात्र वेगळे आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधनविहिरीत ३३८ मीटरला कातळ संपला आणि थोड्याच खाली प्राचीन स्फटिकी खडक लागला. कोयनेलाही सुमारे ९३० मीटरनंतर तेच. म्हणून तेलाची आशा आहे ती उत्तरेकडे.

हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या यादीत देशात २६ गाळखोरी आहेत. त्यांतले ‘डेक्कन सिनेक्लाईज’ हे आपले. ते तिसऱ्या श्रेणीत मोडते, म्हणजे शोध काही लागलेला नाही, नुसती शक्यता आहे. त्या शक्यतेवरही करार झाले आहेत. तेल-वायूच्या शोधपरवान्यांसाठीच्या ‘नेल्प’ धोरणाच्या पाचव्या आणि सहाव्या फेरीत उत्तर महाराष्ट्रातले दोन ब्लॉक कॅनडातल्या कॅलगरीहून चालणाऱ्या जिओग्लोबल रिसोर्सेस या कंपनीने घेतले. पहिल्याचा करार २००५मध्ये झाला आणि दुसऱ्याचा २००७मध्ये. एकेक ब्लॉक हजारो चौरस किलोमीटरचा. तेल निघाले नाही. पण एवढ्या गावांखालची जमीन एका करारात येऊ शकते, हे तेव्हा किती गावांना कळले असेल?

जमीन शेतकऱ्याची, पण तिच्या पोटातले त्याचे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम ४८ने सर्व खनिजांचा हक्क राज्य सरकारकडे ठेवला आहे. तेलाचे नियमन मात्र केंद्राकडे, संघसूचीतल्या ५३व्या नोंदीनुसार. त्यासाठीचा मूळ कायदा १९४८चा. त्यावर ८ सप्टेंबर १९४८ची तारीख आहे. त्या दिवशी सोयगाव अजून निजामाच्या राज्यात होते. पोलीस कारवाईला पाच दिवस बाकी होते. १९५९च्या नियमांनी जमिनीवरचे परवाने राज्याने केंद्राच्या पूर्वसंमतीने द्यायचे, अशी वाटणी केली. समुद्रात तीही नाही. घटनेच्या २९७व्या कलमाने सागरतळाची खनिजे संघराज्याची, त्यामुळे १९७६पासून बॉम्बे हायचे तेल निघत असूनही त्याची रॉयल्टी महाराष्ट्राला मिळत नाही. जमिनीवर मिळाले, तर रॉयल्टी राज्याची.

आणि तालुक्याची? मला सर्वांत खटकते ते इथेच. कोळसा किंवा चुनखडीच्या खाणींसाठी २०१५च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणले. खाणवाल्याने रॉयल्टीखेरीज तिच्या ठरावीक हिश्शाइतकी रक्कम त्यात भरायची आणि ती बाधित गावांवर खर्च व्हायची. चंद्रपूरच्या खाणपट्ट्यात हे चालते. पण ते ज्या १९५७च्या खाण कायद्यात आहे, त्याच्या व्याख्येतूनच खनिज तेल वगळलेले आहे. उद्या सोयगावच्या शिवारात वायू लागला, तर तालुक्याच्या वाट्याला असा निधी आपोआप येणार नाही. २०२५च्या दुरुस्तीने तेलक्षेत्र कायदा बराच बदलला: शेल वायू, कोलबेड मिथेन व गॅस हायड्रेट व्याख्येत आले, ‘मायनिंग लीज’ऐवजी ‘पेट्रोलियम लीज’ आली, तुरुंगवासाची जागा २५ लाख रुपयांपर्यंतच्या दंडाने घेतली. गुंतवणूकदाराच्या मनातली धास्ती कमी करायची, हा हेतू त्यात उघड दिसतो. गावांसाठी असा निधीही त्या दुरुस्तीत आणता आला असता.

शोध सुरू झाला, तर गावाला पहिल्यांदा दिसतील ते सर्वेक्षणाचे लोक. जमिनीत भोके पाडून लहान स्फोट करतात, किंवा जड गाड्यांनी कंपने सोडतात. कपाशीत गाडी शिरली की नुकसान होणारच, त्याचा पंचनामा लगेच व्हायला हवा. मग शोधविहीर. इथे कायद्याने अलीकडे एक दार बंद केले आहे. जानेवारी २०२०मध्ये केंद्राने पर्यावरण परवानगीच्या अधिसूचनेत बदल करून शोधकाम ‘अ’ गटातून ‘ब-२’मध्ये नेले. ‘ब-२’ला जनसुनावणी लागत नाही. सुनावणी येते ती पुढे, उत्पादनाच्या वेळी. अजिंठ्याभोवती पुरातत्त्व कायद्याचे १०० मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र आहे. लेण्यांना अशी ढाल आहे, शेतातल्या विहिरीला नाही. या कातळात पाणी भेगांतूनच साठते. म्हणून शोधविहिरीच्या वरच्या थरांतली पोलादी नळी आणि तिच्याभोवतीचे सिमेंट नीट बसले का, हे गावाने विचारायला हवे.

तेल-वायू निघाला, तर तो नेण्यासाठी पाइपलाइनही येईल. तिचा कायदा १९६२चा. तो जमीन घेत नाही, फक्त वापराचा हक्क घेतो. पिकाच्या नुकसानीखेरीज अधिसूचनेच्या दिवसाच्या बाजारभावाच्या १० टक्के मिळतात आणि सात-बाराच्या ‘इतर हक्कां’त नोंद होते. त्या पट्ट्यात पुढे विहीर नाही, घर नाही, झाड नाही. पेरणी चालते. समृद्धी महामार्गालगतच्या नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनमुळे हे कलम आपल्या जिल्ह्यात आता पुस्तकी राहिलेले नाही.

शोधपरवान्यांच्या २०१६च्या ‘हेल्प’ धोरणानंतर कंपनी स्वतःच नकाशावर क्षेत्र आखून मागू शकते. २०१९पासून दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या खोऱ्यांत, असाधारण नफा झाल्याखेरीज, सरकारला उत्पन्नात वाटाही द्यावा लागत नाही, फक्त रॉयल्टी. धोका मोठा असल्याने ही सवलत मला पटते. पण त्याच परवान्यात दोन अटी घालता येतील: शोधविहिरीआधी ग्रामसभेसमोर पाण्याची नोंद ठेवणे, आणि रॉयल्टी सुरू होताच जिल्हा खनिज प्रतिष्ठानासारखा निधी. जमिनीवरचा परवाना राज्याच्या हातचा आहे, म्हणून ही मागणी पहिल्यांदा मुंबईत, मंत्रालयातच करायला हवी.