वेगळेपणाची किंमत आणि सोबतीचा आधार

माणसाने काय नेसावे हे कायदा ठरवू लागला की कायद्याविरुद्ध झगडता येते. पण तेच रस्त्यावरच्या नजरा ठरवू लागल्या की झगडावे कोणाशी, हाच प्रश्न पडतो. स्कॉटलंडमधील पुरुषांचे ‘किल्ट’ हे गुडघ्यापर्यंतचे चुण्यांचे लोकरी वस्त्र या दोन्ही सक्तींतून गेलेले आहे. आज लग्नसमारंभात ते मिरवणारे पुष्कळ आहेत; परंतु बाजाराला जाताना, कामावर जाताना, बागेत माती उकरताना रोज तेच नेसणारे पुरुष थोडे आहेत. या थोड्यांमध्ये जो स्नेहभाव आढळतो, तो वरवर गमतीचा वाटला तरी विचार करण्याजोगा आहे.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत स्टुअर्ट घराण्याच्या पक्षपात्यांचा पाडाव झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षांसाठी समुद्रापलीकडे हद्दपारी, अशी शिक्षा होती. मात्र सरकारी पलटणींना या बंदीतून सूट होती. जो पोशाख प्रजेच्या अंगावर राजद्रोह ठरे, तोच सैनिकाच्या अंगावर राजनिष्ठा ठरत असे. या डोंगराळ मुलखाच्या नावाने उभारलेल्या पलटणी पुढे साम्राज्यभर लढल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेल्या वेलस्लीच्या सैन्यात ७४वी आणि ७८वी या दोन हायलँड पलटणी होत्या.

बंदीनंतरची प्रतिष्ठा

बंदी १७८२ मध्ये उठली. पण तोवर एक पिढी विजारीला सरावली होती. किल्टला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती १८२२ मध्ये. राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी त्या समारंभाची सारी मांडणी डोंगराळ पोशाखाभोवती केली. बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीसारख्या विणकरांनी चौकडीच्या नमुन्यांना कुळांची नावे देऊन मागणी भागवली. ही बरीचशी ‘परंपरा’ अशी घडवलेली आहे, असे इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले व त्यावर वादही झडले. वादाचा निकाल काहीही असो, किल्टची प्रतिष्ठा वाढली ती समारंभापुरतीच. आज स्कॉटलंडमधील अनेक तरुण लग्नासाठी किल्ट भाड्याने आणतात आणि दुसऱ्या दिवशी परत करतात.

समारंभात किल्ट नेसायला धैर्य लागत नाही, कारण तेथे सगळेच नेसलेले असतात. मंगळवारी सकाळी बसच्या रांगेत उभे राहण्यासाठी मात्र ते लागते. रोज किल्ट नेसणाऱ्याला ‘आत काय घातले आहे?’ हा एकच प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागतो. विचारणाऱ्याला तो दर वेळी नवा वाटतो. हा उपद्रव नेहमी शब्दांवरच थांबतो असेही नाही. इन्व्हर्नेसमधील एका मद्यगृहात ग्राहक स्त्रिया किल्ट उचलून पाहतात म्हणून तेथील पुरुष नोकरांनी किल्ट नेसणे सोडल्याची बातमी २०१७ मध्ये आली होती. तिच्याकडेही पुष्कळांनी विनोद म्हणूनच पाहिले.

दोन प्रकारचा खर्च

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर किल्टवर दोन प्रकारचा खर्च होतो. एक कापडाचा. पारंपरिक किल्टला सुमारे आठ वार लोकरी कापड लागते आणि हाताने शिवलेल्या वस्त्राला काहीशे पौंड मोजावे लागतात. हा खर्च एकदाच करावा लागतो. नीट जपले तर वस्त्र दशकानुदशके टिकते. दुसरा खर्च वेगळेपणाचा. तो रोज भरावा लागतो आणि त्याची पावती मिळत नाही. परंतु या दुसऱ्या खर्चाचे एक वैशिष्ट्य आहे. भागीदार वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो. एखाद्या कचेरीत एकच किल्टधारी असेल तर तो चेष्टेचा विषय होतो. चारपाच असतील तर पाहणाऱ्यांनाच त्याची सवय होते. या मंडळींच्या स्नेहभावाचे मूळ येथे आहे.

म्हणूनच दोन अनोळखी किल्टधारी रस्त्यात भेटले तर मानेने खूण तरी करतातच. पुढे बोलणे निघते ते अगदी व्यवहाराचे. बसताना मागच्या चुण्या हाताने सारख्या करून मगच टेकावे. पिन दोन्ही पदरांतून न ओवता केवळ वरच्या पदराला लावावी, नाहीतर कापड ओढले जाऊन फाटते. किल्टला खिसे नसल्याने पुढे लटकणाऱ्या कातडी बटव्यात काय मावते व काय नाही. कसरीपासून लोकर कशी राखावी. वाऱ्याच्या दिवशी जिना कसा चढावा! हे ज्ञान बहुधा जुना नव्याला सांगतो आणि ते सांगतानाच ‘तू एकटा नाहीस’ हेही सांगून जातो. अर्थात या मंडळींतही तंटे आहेत. सिअ‍ॅटलमध्ये २००० च्या सुमारास जाड सुती कापडाचे, खिसेवाले किल्ट निघाले, तेव्हापासून त्यांना किल्ट म्हणावे की नाही यावर परंपरानिष्ठांचे आणि नव्यांचे एकमत झालेले नाही. पण भांडायलाही जवळची माणसेच लागतात.

सोबतीचे हे बळ स्कॉटलंडच्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांतही दिसते. १४ जून २०२४ रोजी म्युनिचमध्ये त्यांचा संघ जर्मनीकडून ५–१ असा हरला, तरी किल्टधारी चाहत्यांचे गाणे थांबले नाही. संघ परदेशी खेळतो तेथे मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी देण्याची प्रथाही या चाहत्यांपैकी काहींनी पाडली आहे.

एकट्याची गोष्ट वेगळी असते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका पोस्टमनने पायी टपालवाटपाला विजारीपेक्षा किल्ट सोयीचा, म्हणून गणवेशात त्याचा पर्याय असावा, असा ठराव २००८ मध्ये आपल्या राष्ट्रीय कामगार संघटनेच्या बोस्टन अधिवेशनात मांडला. मागणी सक्तीची नव्हती, केवळ मुभेची होती. ठराव फेटाळला गेला. पगारासाठी खांद्याला खांदा लावून उभे राहणारे सहकारी येथे त्याच्याबरोबर उभे राहिले नाहीत. हितसंबंध एक असले म्हणजे वेगळेपण मानवतेच असे नाही, हा या घटनेचा धडा आहे.

ही वाट एके काळी स्त्रियाही चालल्या. पॅरिसमध्ये स्त्रियांनी विजार घालण्यासाठी पोलिसांची परवानगी घ्यावी, असा १८०० सालचा हुकूम होता. तो रद्दबातल असल्याचे फ्रेंच सरकारने अधिकृतपणे सांगितले ते २०१३ मध्ये. तोपर्यंत विजार घालणाऱ्या स्त्रियांची संख्याच एवढी वाढली होती की तो हुकूम कित्येकांच्या स्मरणातही नव्हता.

१७४६ चा कायदा पार्लमेंटने एका मतदानात केला आणि १७८२ मध्ये एका मतदानात पुसला. नजरेचा कायदा असा पुसता येत नाही. तो झिजवावा लागतो आणि एकट्याने झिजवताना बहुधा माणूसच आधी झिजतो. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य रोजच्या वापरात आणायचे तर शेजारी आणखी एक माणूस लागतो. बसच्या रांगेत उभा असलेला तो दुसरा किल्टधारी, ओळखीचा नसतानाही, पहिल्याला जवळचा वाटतो तो यामुळेच.