डिजिटल मार्केटिंगची चॅनल्स एकत्र कशी वापरायची? एका आंबा बागायतदाराच्या उदाहरणातून समजून घ्या

"इन्स्टाग्रामवर रोज पोस्ट टाकतो, गुगलवर जाहिरात करतो, व्हॉट्सॲपवर मेसेज पण पाठवतो, तरी ऑर्डर काही येत नाहीत." छोटा व्यवसाय करणाऱ्या अनेकांची ही तक्रार असते. मेहनत कमी पडलेली नसते. पण प्रत्येक चॅनल वेगवेगळं चालतं आणि ग्राहक एकाकडून दुसरीकडे जाताना मध्येच गळतो. ही गळती कशी थांबवायची ते आज बघूया.

समजा, देवगडचा एक बागायतदार हापूसच्या पेट्या थेट पुण्या-नाशिकच्या घरांत विकतो. मुख्य हंगाम एप्रिल-मेचा. प्रयोग करत बसायला वेळ नाही. ग्राहक मिळाला नाही तर तयार फळ थांबत नाही, मिळेल त्या भावाला द्यावं लागतं.

प्रत्येक चॅनलचं काम वेगळं

इन्स्टाग्राम, फेसबुक: इथे ओळख होते. मोहोर, झेल्याने आंबे काढणं, आढी लावणं असे व्हिडिओ लोक आवडीने बघतात. पण बघणारा त्या क्षणी आंबे घ्यायला आलेला नसतो. त्यामुळे लगेच ऑर्डरची अपेक्षा ठेवू नका.

गुगल सर्च: "देवगड हापूस पुणे घरपोच" असं टाईप करणाऱ्याला आंबा हवाच असतो. त्याला तुम्ही दिसायला हवं. गुगल बिझनेस प्रोफाइल मोफत बनवता येतं. त्यात फोटो, फोन नंबर, वेळ नीट भरा.

व्हॉट्सॲप बिझनेस: इथे सौदा पक्का होतो. कॅटलॉगमध्ये फळाचा आकार, पेटीत किती डझन, भाव हे सगळं टाकता येतं. कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं आहे. तुमची त्याखाली नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटोही इथे ठेवा. "खरा देवगडच आहे ना?" हा प्रश्न तिथेच सुटतो.

साखळी कशी जोडायची?

1. फेब्रुवारी-मार्च: बागेचे व्हिडिओ टाका आणि प्रत्येकात एकच सांगा: "पहिली पेटी निघाली की कळवतो, व्हॉट्सॲपवर नाव नोंदवा." सोबत क्लिक टू चॅटची लिंक द्या. त्यावर बोट लावलं की थेट तुमचं चॅट उघडतं.

2. नाव नोंदवल्यावर: पहिल्याच उत्तरात तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा. ज्यांनी नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज पोचतच नाही. ही गोष्ट बरेच जण विसरतात. आणि न विचारता कुणालाही मेसेज पाठवू नका. लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट केलं तर ऐन हंगामात नंबर बंद पडू शकतो.

3. एप्रिल: आता गुगलवर जाहिरात सुरू करा, पण जिथे पेटी पोचवता येते तेवढ्याच शहरांसाठी. भाव, नाव आणि नंबर सगळीकडे सारखा ठेवा. इन्स्टाग्रामवर एक भाव आणि व्हॉट्सॲपवर दुसरा दिसला की विश्वास गेलाच म्हणून समजा.

4. पेटी पोचल्यावर: दोन-तीन दिवसांनी फळ कसं निघालं ते विचारा आणि गुगलवर रिव्ह्यू लिहायची विनंती करा. तो रिव्ह्यू पुढच्या शोधणाऱ्याला दिसतो. इथे साखळीचं शेवटचं टोक पुन्हा पहिल्याला जोडलं जातं.

श्रेय कोणाला द्यायचं?

इथे मोठी चूक होते. समजा 50 ऑर्डर आल्या. त्यातल्या 40 गुगलवरून आणि 10 इन्स्टाग्रामवरून आल्यासारख्या दिसतात. मग वाटतं, इन्स्टाग्राम बंद करू आणि सगळे पैसे गुगलवर टाकू. पण त्या 40 जणांतल्या काहींनी आधी व्हिडिओ पाहिला असेल आणि नंतर तुमच्या बागेचं नाव गुगलवर शोधलं असेल. आकडेवारीत शेवटचा क्लिक दिसला, आधीची ओळख दिसली नाही. व्हिडिओ बंद केले की काही दिवसांनी गुगलवर शोधणारेही कमी होतात.

यावर तीन सोपे उपाय आहेत:

- वेगवेगळ्या लिंक: क्लिक टू चॅट लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज ठेवता येतो. इन्स्टाग्रामच्या लिंकमध्ये "रील पाहून आलो" आणि गुगलच्या लिंकमध्ये "गुगलवर पाहिलं" असं ठेवा. वेबसाइट असेल तर लिंकला यूटीएम टॅग लावा, म्हणजे गुगल ॲनालिटिक्समध्ये कोण कुठून आलं ते दिसेल.
- सरळ विचारा: ऑर्डर घेताना "आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं?" एवढाच प्रश्न विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. लिंक शेवटचा क्लिक सांगते, ग्राहक सुरुवात सांगतो.
- एका शहरात थांबवून बघा: आठवडाभर नाशिकमध्ये इन्स्टाग्रामची जाहिरात थांबवा, पुण्यात चालू ठेवा. मग दोन्हीकडच्या ऑर्डर त्यांच्या आदल्या आठवड्याशी ताडून बघा. फक्त नाशिकमध्येच घसरण दिसली तर ती जाहिरात काम करत होती, असं मानायला जागा आहे. मात्र ऑर्डर मोजक्याच असतील तर एका आठवड्यावरून घाई करू नका.

सुरुवात कुठून करायची?

सगळं एकदम नको. एक ओळख करून देणारं चॅनल आणि एक सौदा पक्का करणारं चॅनल, एवढ्या दोघांची जोडी आधी नीट बसवा. बहुतेकांसाठी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप पुरेसं आहे. ते चालायला लागलं की गुगलची जाहिरात जोडा.

नवीन चॅनल सुरू करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: इथे आलेला माणूस पुढे कुठे जाणार? उत्तर नसेल तर पैसे खिशातच राहू द्या. आणि हंगाम संपला तरी जमलेली ग्राहकांची यादी जपून ठेवा. पुढच्या वर्षी पहिली पेटी निघाली की पहिला मेसेज त्यांनाच जायला हवा.