अल्पसंख्याक विद्यार्थी आणि शिष्यवृत्ती

महाराष्ट्रात मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन, जैन, शीख, पारशी आणि 2016 पासून ज्यू या समाजांना धार्मिक अल्पसंख्याक मानले जाते. उच्च व व्यावसायिक शिक्षणासाठी त्यांच्याकरिता असलेल्या राज्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना सामाजिक न्याय विभागाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही खुली असते. ती बहुधा अधिक लाभाची, पण अनेकांना ठाऊकच नसते. केंद्राची मौलाना आझाद फेलोशिप मात्र 2022 मध्ये बंद झाली. शिष्यवृत्ती पुरत नसेल, तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ 3 टक्के व्याजाने शैक्षणिक कर्ज देते. ते फेडायचे असते, हे विसरू नये.

अर्ज अडतो तो कागदांवर. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराकडे पगाराची स्लिप नसते. मग तलाठ्याचा अहवाल, त्यावरून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आणि सेतू केंद्रातल्या खेपा. रक्कम थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येते. अर्ज भरून काम संपत नाही: महाविद्यालयातील लिपिकाने तो तपासून पुढे पाठवावा लागतो. त्रुटी निघाल्यास तो विद्यार्थ्याच्याच लॉगिनमध्ये परत येतो, म्हणून मुदत संपेपर्यंत लॉगिन अधूनमधून उघडून पाहावे.