शेवटचं पान

आमच्या घरात पत्ते निघतात ते आखाजीला. खान्देशात घरोघरी हेच. अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी झोक्यावर आणि गौराईच्या गाण्यांत, आणि पुरुषमंडळी पारावर पत्ते कुटत बसलेली! त्यामुळे ऐन श्रावणात मी टेबलावर ७८ पानं पसरून बसलेली पाहिली, तेव्हा सासूबाई दारातच थबकल्या.

"पत्ते खेयाचे त आखाजीले खेय, आता काह्याले?"

"आई, हे खेळायचे नाहीत. हे टॅरो आहेत. यावरून..." मी अडखळले. यावरून काय? भविष्य सांगतात म्हणू? चाळीस वर्षं ज्या बाईने एकाही जोशाला ओटा चढू दिला नाही, तिला?

त्यांनी मात्र चष्मा लावून एक पान उचललं. अंधारात एक बाई पलंगावर उठून बसली आहे, दोन्ही हातांत तोंड लपवलंय. मागे भिंतीवर आडव्या नऊ तलवारी. अंगावर गुलाबांची आणि राशींच्या चिन्हांची चौकटीचौकटीची गोधडी. सासूबाईंनी ते पान बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काय झालं इले? कोन मेलं इचं?"

मी हसले. त्या वेळी हसले, हे आज आठवलं की लाज वाटते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला हा नाद लागला. पुण्याच्या भाचीकडे गेले होते. तिने गंमत म्हणून माझ्यापुढे तीन पानं मांडली. भविष्याबिविष्याचं मला काही वाटलं नाही, पण त्या चित्रांनी वेड लावलं. जळगावात परतल्यावर दोन-चार दुकानांत चौकशी केली. एका दुकानदाराने मोठ्या आपुलकीने विचारलं, "मावशी, प्लॅस्टिकचे देऊ का? धुता येतात!" शेवटी भाचीनेच मागवून दिले.

पण मागवायचे तरी कुठले? इथेच माझी पहिली चूक झाली. मी निवडला 'थॉथ' नावाचा संच. इंग्लंडच्या अलिस्टर क्राऊली या तंत्रमार्गी गृहस्थाने कल्पना सांगायची आणि लेडी फ्रीडा हॅरिस या चित्रकर्तीने रंगवायचं, असं १९३८ ते १९४३ पर्यंत चाललं. पत्त्यांचा संच म्हणून तो छापला गेला १९६९ मध्ये. तोवर दोघंही हयात नव्हते. चित्रं अशी झगमगीत की डोळे दिपावेत. त्यात हिब्रू अक्षरं, ग्रह, राशी, सगळं ठासून भरलेलं. मला वाटलं, जितकं गूढ तितकं खरं!

दोन महिने डोकं आपटलं. गंमत म्हणजे त्यातला एक भाग मला ओळखीचा निघाला. चारही रंगांची दुर्रीपासून दश्शीपर्यंतची पानं म्हणजे छत्तीस पानं. राशिचक्राचे दहा-दहा अंशांचे भागही छत्तीस. एकेक भाग एकेका पानाला वाटून दिलेला. म्हणजे हे तर आपले द्रेष्काण! आमचे सासरे हौसेने पत्रिका मांडायचे, त्यामुळे हा शब्द कानावरून गेलेला. मी उत्साहाने त्यांची जुनी वही काढली. तलवारींची नव्वी म्हणजे मिथुन राशीचा मधला भाग, स्वामी मंगळ, असं टॅरोचं पुस्तक म्हणत होतं. सासऱ्यांच्या वहीप्रमाणे मिथुनेच्या दुसऱ्या द्रेष्काणाचा स्वामी शुक्र. आता कुणाचं खरं मानायचं? भांडणाचा मंगळ की प्रेमाचा शुक्र?

तेव्हा मी पुस्तकं बाजूला ठेवून या पत्त्यांचा इतिहास वाचायला घेतला, आणि डोळेच उघडले. हे पत्ते भविष्यासाठी जन्मलेच नव्हते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा चक्क एक खेळ होता. आपल्या मेंढीकोटसारखा, हात जिंकायचा. त्यातली २२ चित्रांची पानं म्हणजे हुकूम! बाकीची ५६ म्हणजे चार रंगांची चौदा-चौदा. आपल्या कॅटमध्ये राजा, राणी, गुलाम असतात, तिथे एक घोडेस्वार जास्त. पेले म्हणजे आपलं बदाम, तलवारी म्हणजे इस्पिक, नाणी म्हणजे चौकट आणि दंड म्हणजे किलवर, अशी जोडी लावली की निम्मी भीती पळते. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या पॅरिसच्या विद्वानाने लिहून टाकलं, की हे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी वाचता येणारं कुणीच नव्हतं. ती उलगडली १८२२ मध्ये. तोवर लोकांचा विश्वास पक्का बसलाही होता.

मग मी दुसरा संच घेतला, 'रायडर-वेट' नावाचा. १९०९ मध्ये लंडनला निघालेला. रायडर हा प्रकाशक आणि वेट हा लिहिणारा. पण चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईने, आणि तिचं नाव संचाच्या नावात नाही! पानाच्या कोपऱ्यात तिने आपल्या आद्याक्षरांची एक वळणदार खूण तेवढी केली आहे. एवढं मोठं काम अगदी थोड्या पैशांत केलं, असं तिने तेव्हा एका स्नेह्याला पत्रात कळवलं होतं. ती वारली १९५१ च्या सप्टेंबरात, गरिबीत.

१९५१ म्हटल्यावर जळगावच्या बाईला दुसरं कोण आठवणार? आमच्या बहिणाबाई त्याच वर्षी डिसेंबरात गेल्या. जन्म १८८० चा, असोद्याचा. पामेला त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंच्या गाण्यांचं पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. दोघींना एकमेकींचं नावही ठाऊक असण्याचं कारण नाही. एकीने भविष्याची पानं रंगवली, दुसरीने ऐन तारुण्यात वैधव्य येऊनही आपल्या गाण्यात जोशाला दारातूनच परत पाठवलं. पण दोघींच्या कामात मला एकच गोष्ट दिसते. समोरच्या बाईचं दुःख त्यांनी नीट पाहिलेलं आहे.

पामेलाने केलेली मोठी गोष्ट अशी, की पूर्वीच्या बहुतेक संचांत लहान पानांवर नुसत्या तलवारी नाहीतर नुसते पेले असत, तिथे तिने माणसं काढली. थॉथमध्ये तलवारींच्या नव्वीवर माणूस नाही, तलवारी आहेत आणि खाली नाव दिलंय, 'क्रूरता'. पामेलाच्या नव्वीवर ती गोधडीतली बाई आहे. नाव पाठ करावं लागतं. बाई दिसते.

म्हणून कुणी शिकायचं म्हटलं, तर मी सांगते, पहिला संच असा घ्या की ज्यात छोट्या पानांवरही माणसं आहेत. हातात मावेल असा घ्या, ७८ पानं पिसायची असतात. पहिला संच कुणीतरी भेटच द्यावा लागतो, स्वतः विकत घेतलेला चालत नाही, हे ऐकलं असेल तर विसरून जा. आणि शिकायचं कसं? रोज सकाळी चहाबरोबर एकच पान काढायचं. पुस्तक उघडायचं नाही. चित्रात काय दिसतंय ते वहीत लिहायचं, मग पुस्तकात पाहायचं. अर्थ पाठ करणाऱ्याला पानं येतात, वाचता येत नाहीत. मीही तशीच होते, हे मला कळलं तेव्हा फार उशीर व्हायचा राहिला होता.

माझ्या मोठ्या नणंदबाई धुळ्याला असतात, देवपुरात. आम्ही त्यांना ताई म्हणतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी एसटीने एरंडोल, पारोळा करत त्यांच्याकडे गेले. पर्समध्ये माझे पत्ते होतेच. तोवर भिशीच्या मैत्रिणींत माझं बऱ्यापैकी नाव झालं होतं. रात्री जेवणं झाल्यावर ताई म्हणाल्या, "माझी पण मांड ना गं पानं. पुढं सगळं नीट होईल ना, एवढंच सांग."

मला वाटलं, मुलाच्या नोकरीचं विचारताहेत. तीन पानं मांडली. पहिलं, तीच तलवारींची नव्वी, गोधडीतली बाई. दुसरं, तलवारींची अठ्ठी. डोळ्यांना पट्टी बांधलेली, दोऱ्या गुंडाळलेली एक स्त्री आणि भोवती आठ तलवारी. तिसरं पान आलं आणि मी टाळीच वाजवली. तारा! सतरावं पान. वर एक मोठा तारा, सात लहान. खाली तळ्याकाठी एक स्त्री दोन घागरींनी पाणी ओततेय. "ताई, एकदम उत्तम! आता आशाच आशा. काळजी सोडा." ताईंच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं, की मलाच धन्य वाटलं.

सात आठवड्यांनी भाच्याचा फोन आला. "मामी, आईच्या छातीत गाठ आहे. तिला दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं. कुणाला बोलली नाही."

मी मटकन खाली बसले. दिवाळीच्या आधीपासून! म्हणजे त्या रात्री त्या मुलाचं विचारतच नव्हत्या. रोज रात्री उठून अंथरुणात बसणारी बाई माझ्यासमोर होती आणि तिचंच चित्र मी टेबलावर मांडलं होतं. त्याच्या शेजारी डोळ्यांवर पट्टी बांधलेली दुसरी. आणि मी दोन्ही पानं ओलांडून शेवटच्या पानावर उडी मारली. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलेला साधा प्रश्न, "काय झालं इले?", मी विचारलाच नाही.

तपासण्या झाल्या. गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, केस गेले, पुन्हा आले. ताई आज बऱ्या आहेत, दर काही महिन्यांनी तपासणीला जातात. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात म्हणायचं, पण आणखी आधी यायला हवं होतं. ते 'आणखी आधी' माझ्या कानात अजून आहे.

हॉस्पिटलात मी ताईंचे पाय धरायला गेले. "ताई, माझ्या पत्त्यांमुळे..." त्यांनी मला मध्येच थांबवलं. "पत्त्यांना काय माहीत व माय? बोललीस ते तू. आणि मलाही तेच ऐकायचं होतं."

एवढं खरं मला कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नव्हतं. विचारायला येणारी बाई भविष्य विचारायला येतच नाही. बहुतेक वेळा ती काहीतरी सांगायला आलेली असते आणि तिला सुरुवात सापडत नसते. पान ही फार तर ती सुरुवात. तिला "सगळं छान होईल" म्हणून घरी पाठवलं, की तिने मोठ्या धीराने उघडलेलं दार आपणच लावून घेतो. तारा हे पान आशेचं आहे, खरंच. पण त्याच्या आधीचं सोळावं पान म्हणजे वीज पडून कोसळणारा मनोरा, हेही मला पाठ होतंच की!

पत्ते मी टाकून दिले नाहीत. रोज सकाळी एक पान अजून काढते. पण आता माझे दोन नियम आहेत. कुणी आलं तर आधी पानं नाही, आधी चहा. "झोप लागते का?" हा पहिला प्रश्न. आणि दुखणं, औषध, ऑपरेशन यांवर पान उघडायचं नाही. भारतात बायकांमध्ये आज सर्वांत जास्त आढळतो तो स्तनाचा कर्करोग. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही खरं. पण आपली कुठली, हे डॉक्टरच तपासून सांगू शकतात. तलवारींची नव्वी नाही, मंगळ नाही आणि शुक्रही नाही. म्हणून सांगते मैत्रिणींनो, असं काही हाताला लागलं तर आधी घरात कुणाला तरी बोला आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

यंदा आखाजीला ताई माहेरी आल्या होत्या. पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण झालं. बाहेर पुरुषांचा डाव रंगला होता. ताई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "काढ ना तुझे पत्ते."

"काढते. आधी सांगा, पुढची तपासणी कधी?"

ताई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मागच्या महिन्यात होती. राहिली."

पत्ते कपाटातच राहिले. मी फोन उचलला आणि दवाखान्यात नंबर लावला. खुर्चीत पेंगणाऱ्या सासूबाईंनी एक डोळा उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटला.